दुसरा फेरा बाकी

१६ एप्रिल, बंगळुरू
आज इंद्रकुमार सरांनी मला फळ्यापुढे उभं केलं! संशोधन संस्था म्हणजे मोठमोठे विद्वान, आणि मी त्यांच्या कॅन्टीनचा चहावाला, आठवी नापास. म्हणाले, "टिंकू, कप तळव्यावर ठेव. न सांडता पूर्ण फेरा मार." बगलेखालून फिरवला. कप सरळ, हात पिळलेला. म्हणाले, त्याच दिशेने अजून एक. डोक्यावरून नेला — हाताचा पीळ आपोआप सुटला. थेंब नाही सांडला.

सर समोर बसलेल्या विद्यार्थी पोरांना म्हणाले, काही कण असेच. एका फेऱ्याने उलटे होतात. दुसऱ्याने होते तसे.

१७ एप्रिल
कप गोळा करताना सरांना विचारलं, ते कालचे कण कसले. ते एक फील्ड आहे म्हणे. आपल्या वावराला बांध असतो, याला नाही, सगळीकडे पसरलेलं. अजून सापडलं नाही, कागदावरच आहे. उजेड त्याला धरतच नाही. पुढ्यात असलं तरी दिसणार नाही. आकाशगंगा विस्कटत नाहीत, त्या कदाचित यानेच धरून ठेवल्यात.
दिसत नाही तर आहे कशावरून?
"ओढ लागते ना," म्हणाले.

२० एप्रिल
रविवार. दिवसभर कोणाशी एक शब्द नाही.

११ मे, गोंदिया स्टेशन
गावी गेलो. परतलोही.
दोन वर्षांआधी भांडून निघालो तेव्हा बाबा म्हणाला होता, "गेला तर मले तोंड दाखवू नको." तरी गेलो. आई तेंदूपत्ता तोडायला गेलेली. बाबा अंगणात एकटा. मी पुढ्यात जाऊन उभा राहिलो. बोललो नाही — आधी त्याने बोलावं! त्याने मान वर केली. बघितलं, आरपार. मग चाचपून गडवा उचलला, पाणी प्याला. मला विचारलंसुद्धा नाही.
वळलो. तिरोड्याची बस धरली, तिथून इथे. आईला सांगायचं नाही.

२ जून, बंगळुरू
सरांनी पुन्हा कप फिरवायला बोलावलं. हात दुखतो म्हटलं.

९ जून
आईचा फोन. बाबाचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने गेलेत. होळीपासून दिसत नव्हतं, कोणाला कळू दिलं नाही.
"मे महिन्यात कोणीतरी अंगणात येऊन उभा होता म्हणते तुझा बाबा. टिंकूच होता काय, असं रोज पुसून राहते. मी म्हटलं, टिंकू असता तर बोलला नसता काऊन?"
उद्याच्या गाडीत बसतो. तोंड दाखवू नको म्हणाला होता. आवाज तर ऐकवता येतो.