एकदाच बसायचा पाट

मी शिवम्मा, महादेवप्पा उस्तुरगे यांची बायको, राहणार उदगीर, जिल्हा लातूर, वय आधार कार्डावर एक्क्याऐंशी आणि खरं त्याहून दोन जास्त, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहून ठेवते ऐसा जे. शिक्षण दुसरी पास. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कायद्याला गुडघे लागत नाहीत असं संगमेश वकिलानं सांगितलं. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण याआधी मला एवढा राग आलेला नव्हता.

कलम १. राहतं घर, वरचा माळा धरून, सून मंजुश्री हिला द्यावं. मुलगा गुरुलिंग याला देऊ नये. त्याला दिलं तर तो महिन्यात बिल्डर घेऊन येईल. तिला दिलं तर ती बिल्डरला उंबऱ्यावरूनच परत लावील, आणि मागोमाग गुरुलिंगलाही. मंजुश्री माझ्याशी सव्वीस वर्षं भांडली, पण ताटात वाढून मग भांडली. अट एकच. पुढच्या खोलीतली पश्चिमेची भिंत पाडायची नाही, तिच्यावरची खुंटी उपटायची नाही, आणि तिथं टीव्हीचं कपाट करायचं नाही. का, ते कलम ४ मध्ये येईल.

कलम २. माझ्या पाटल्या आणि बँकेतली ठेव नात स्वप्नाली हिला. ती नांदेडला शिकते. पाटल्या लग्नात घालण्यासाठी नाहीत, मोडून पुढं शिकण्यासाठी आहेत. ज्याला हे पटत नाही त्यानं स्वतःच्या पाटल्या तिला द्याव्यात.

कलम ३. जातं, उखळ, तीन सुपं आणि पितळी घंगाळ मंजुश्रीकडं राहतील. यातलं काहीही नातू रविकिरण याच्या नजरेस पडू देऊ नये. घंगाळाचा तो दिवा करील आणि जात्याचं काय करील ते मला सांगवत नाही.

कलम ४. पाट. हे मृत्युपत्र त्याच्यासाठीच आहे, वरची कलमं वकील म्हणाला म्हणून लिहिली.

आम्ही लिंगायत. आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. आंघोळ घालतात, विभूती लावतात, मांडी घालून भिंतीला टेकवून बसवतात, आणि बसलेलाच मातीत ठेवतात. आमच्याकडं म्हणूनच 'अमक्याला कधी बसवलं' असं विचारतात. त्यासाठी आमच्या घरी एक पाट होता. कडुनिंबाची एकच फळी, हातभर रुंद, जमिनीपासून चार बोटं वर, मागच्या अंगाला जरा उतरता, म्हणजे बसलेला पुढं पडत नाही. दोन्ही कडांना लांब खाचा, त्यातून शेला ओवून खुंटीला बांधायचा. गल्लीत कोणाकडं वेळ आली की आमचाच पाट मागायला यायचे. काम झालं की धुऊन माळ्यावर.

मी देगलूरहून लग्न होऊन आले तेव्हा पंधरा वर्षांची होते. आठव्या दिवशी माळ्यावरून तोच पाट काढून त्यावर तांदूळ निवडत बसले. सासूनं पाहिलं आणि तिच्या हातातली कळशी गेली. पुढं तिलाच मी त्यावर बसवलं, शेल्याची गाठ माझ्या हातानं मारली. घट्ट मारली. मालकांना बसवलं तेव्हाही मीच. चाळीस वर्षं भांड्याच्या दुकानात गादीवर कलंडून बसलेला माणूस त्या दिवशी पहिल्यांदा ताठ बसला.

रविकिरण हा गुरुलिंगचा मुलगा. आजोबांना बसवलं तेव्हा पाळण्यात होता, पाट कशाचा ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलं, मग पुण्याला जाऊन खुर्च्या काढायला शिकला. काढायला म्हणजे कागदावर. परवाच्या नागपंचमीच्या आधल्या नागपंचमीला आला तेव्हा पुरणाचं पातेलं आणायला माळ्यावर चढला आणि पाट घेऊन उतरला. पुसला, भिंतीपाशी ठेवला, वर बसला, चहा मागितला. मी तूर निवडत होते.

"अव्वा, हे काय आहे?" पुण्याला गेल्यापासून त्याचं 'हाय'चं 'आहे' झालंय.

"बसायचा पाट हाय."

"कोण बसायचं यावर?"

"तुझा खापरपणजा बसला, पणजी बसली, आजोबा बसले."

"रोज?"

"न्हाई. एकदाच."

"म्हणजे खास प्रसंगाला?"

"लई खास."

"आणि तू?"

"माझा नंबर यायचाय."

त्यानं हे सगळं वहीत लिहून घेतलं. फळीचा उतार मापला, खाचांत बोटं घालून पाहिली, म्हणाला, "उचलायला सोय केलीय बघ. जुनी माणसं किती पुढची होती." तेव्हाच सांगायला हवं होतं, हे मला कबूल आहे. पण तीन वर्षांनी पोरगं माझ्यापाशी मोबाईल खाली ठेवून बसलं होतं. त्याला उठवावं असं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मठात गेले आणि तो पाट गाडीत घालून पुण्याला गेला. "चार दिवसांत आणून देतो," असं मंजुश्रीला सांगून गेला. गुरुलिंगला सगळं ठाऊक होतं. पुढं त्याला फोन केला तर म्हणतो, "आई, आता सांगू नको, त्याला ऑर्डरी यायल्यात."

कलम ५. पाटाऐवजी एक स्टूल आलं. तशीच फळी, तसाच उतार, तशाच खाचा, खाली गुडघ्याएवढे लोखंडी पाय. सोबत छापील कार्ड, ते स्वप्नालीनं वाचून दाखवलं: 'परंपरेचं आसन, आजच्या घरासाठी. मराठवाड्यातल्या एका घराण्याच्या तीन पिढ्या यावर विसावल्या. एकदा बसाल तर उठावंसं वाटणार नाही.' यात एक अक्षर खोटं नाही. मी आणि रविकिरण सोडून पाटावरून माझ्या पाहण्यात कोणी उठलेलं नाही. पुण्यात हॉटेलांतून लोक असल्या स्टुलांवर बसून कॉफी पितात म्हणे. त्यांना उदंड आयुष्य लाभो.

मात्र स्टूल चुकलंय, हे मी गिऱ्हाईक म्हणून लिहिते. उतार मागं का होता? मागं भिंत होती म्हणून. रविकिरणनं पाट नेला, भिंत इथंच राहिली. त्यामुळं माणूस बसला की मागं मागं जातो. आणि खाचा त्यानं बोट जाईल एवढ्याच ठेवल्या, शेला जात नाही.

पाट मी तीनदा मागितला. पहिल्यांदा म्हणाला, प्रदर्शनात आहे. दुसऱ्यांदा, काचेच्या पेटीत आहे. तिसऱ्यांदा म्हणाला, "अव्वा, तुला दुसरं स्टूल पाठवू का, वेगळ्या रंगात?"

मधल्या काळात समोरच्या सिद्रामप्पाची बायको गंगम्मा गेली. तो पाट मागायला आला आणि मला दार धरून उभं राहून 'नाही' म्हणावं लागलं. या घरातून पहिल्यांदा. गंगम्माला लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. डोक्यामागं मंडपवाल्याचा मोबाईल नंबर होता. 

कलम ६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. तोपर्यंत मला बसवून झालेलं असेल. म्हणून कलम ४ ते ६ एवढं लिखाण संगमेश वकिलानं आजच मोबाईलवर फोटो काढून रविकिरणला पाठवावं आणि त्यानं पाहिल्याच्या निळ्या खुणा मला दाखवाव्यात.

रविकिरण, तू विकतोस ते काय आहे हे तुला आता कळलं. विकणं थांबव असं मी म्हणत नाही, कार्डावरचं वाक्य तेवढं बदल. पाट आणून माळ्यावर ठेव. तो माझा नाही, गल्लीचा आहे.

पाट वेळेत आला तर मला त्यावर बसवावं, पश्चिमेच्या भिंतीला, शेला खुंटीला. गाठ मंजुश्रीनं मारावी. ती घट्टच मारील, मला खात्री आहे.

नाही आला तर प्लास्टिकची खुर्ची माझ्या जवळ आणायची नाही. रविकिरणचं स्टूल ठेवावं, पण भिंतीपासून हातभर पुढं. भिंत तो होईल. माझ्यामागं उभं राहून दोन्ही हातांनी मला धरील, सगळी येऊन जाईपर्यंत, मोबाईल खाली ठेवून. मी मागं येईन. त्यानं हलायचं नाही.

कलम ७. हे अमलात आणायचं काम मंजुश्रीकडं. कोणी वाद घातला तर आधी त्याला जेवू घालावं.

ठिकाण: उदगीर, पुढची खोली
तारीख: ११ मार्च २०२५

सही: शिवम्मा महादेवप्पा उस्तुरगे

साक्षीदार:
१. मंजुळाबाई अर्जुनराव केंद्रे, शेजारी. लिहिताना पहिल्या अक्षरापासून समोर होते.
२. सिद्रामप्पा हलबुर्गे, समोरचे घर. सही करताना शिवम्माबाई नातवाच्या स्टुलावर बसल्या होत्या. मी मागून धरले होते.