फळीच्या पुढचे सगळे

प्रिय चिंगे,

हाताखालची चाळीस माणसं तुला मॅडम म्हणतात, तरी मी चिंगेच म्हणणार. माझं अक्षर बघून दचकली असशील. चार वर्षांत आपण दोघं फोनवर ‘बरी आहेस ना’ आणि ‘बरा आहे’ यापलीकडे गेलो नाही, बाकी सगळं तुझ्या आईच्या मार्फत. तिच्याकडूनच कळलं, की तुझ्यावर चौकशी लावलीय. शनिवारी पार्क बंद व्हायच्या वेळेनंतर तू रोलर कोस्टर वीस मिनिटं चालू ठेवलीस, वरचा हुकूम ऐकला नाहीस, आणि आता ऑफिस म्हणतंय की शुक्रवारपर्यंत ‘रांगेच्या फळीचा अर्थ लावण्यात माझी चूक झाली’ असं लिहून दे, नाहीतर पाळीप्रमुखाची जागा सोड. आईचं जेवणात लक्ष नाही. माझंही नाही, पण मी ते दाखवत नाही.

आता ऐक. शनिवारी मी तिथं होतो. हो, मीच. दादाच्या छोटीची उंची एकदाची तुमच्या मोजपट्टीला टेकली, आणि तेव्हापासून तिनं माझं डोकं खाल्लं होतं, आत्याच्या गाडीत बसायचंय म्हणून. तुझ्या आईला मी सांगितलं, पोरीला बूट घ्यायला नेतोय. बूट घ्यायला सकाळी आठला कोण निघतं, असं तिनं विचारलं नाही, नुसती बघत राहिली. म्हणजे तिला कळलं होतं.

तुमच्या त्या फोनवरच्या आरक्षणाबद्दल मी काय बोलणार, माझं मत तुला माहीत आहे. पण शनिवारी मी ते स्वतः भोगलं. नऊच्या ठोक्याला सगळं उघडतं, म्हणून छोटी पावणेनऊपासून माझा फोन हातात धरून फाटकाबाहेर उभी. नऊ वाजले आणि पडद्यावर एक चक्र फिरायला लागलं ते फिरतंच राहिलं. चक्र थांबलं तेव्हा थेट दुपारची चार दहाची वेळ मिळाली. ठीक आहे म्हटलं. सात तास आम्ही त्या पार्कात इकडून तिकडे फिरलो. दुसरीकडे कुठं बसावं, तर तो फोन म्हणतो की एक वेळ राखून ठेवलीय, ती संपल्याशिवाय दुसरी मिळणार नाही. चार वाजून पाच मिनिटांनी आम्ही दारात हजर. तिथं कळलं की गाडी काही तपासणीसाठी थांबलीय. पंधरा मिनिटांनी सुरू झाली. तोवर फोनवर संदेश आला, आपली वेळ उलटून गेली आहे, कृपया नवी वेळ घ्या. नवी वेळ शिल्लक नव्हती. चिंगे, मी एकोणतीस वर्षं बागेतल्या होडीची रांग सांभाळली, पण हजर असलेल्या माणसाला तू गैरहजर आहेस असं सांगायची हिंमत मला कधी झाली नाही. छोटी रडली नाही. तिनं फोन माझ्या खिशात ठेवला आणि म्हणाली, आजोबा, आपण आपले साध्या रांगेत उभे राहू. तेव्हा मला ती तुझ्यासारखी दिसली.

आम्ही रांगेच्या टोकाला पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. आणि मी काय करावं? जन्माची खोड. डोकी मोजली. चारशे ऐंशीच्या आसपास. गाडीत चोवीस जागा, दर दोन मिनिटांना एक गाडी सुटते. पुढचे सगळे वैतागलेले, एक बाई तर कठड्यावर डोकं टेकून बसलेली, तेव्हा मी घसा साफ करून जाहीर केलं की काळजी नको, चाळीस मिनिटं, घड्याळ लावून घ्या. एकानं विचारलं, तुम्हाला काय माहीत? मी म्हटलं, माझा धंदाच आहे हा. माझ्या पुढं एक न्हावी होता, बायको-मुलींना घेऊन आलेला. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवून मुलींना आइस्क्रीमचं वचन दिलं, सव्वापाचचं. सव्वापाच वाजले तेव्हा आम्ही पुरे दीडशे माणसंसुद्धा पुढं सरकलो नव्हतो. वेळ राखून ठेवलेल्यांसाठी तुमचं दुसरं दार आहे, आणि प्रत्येक गाडीत अठरा जागा त्या दाराला जातात, सहाच आम्हाला उरतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या बागेत दारच एक होतं ना! मी असा तोंडघशी पडलो म्हणून सांगू. न्हावी सज्जन माणूस, पण त्याच्या धाकटीनं मला दोनदा किती वाजले ते विचारलं.

पण हे सगळं मागाहून. साडेचारला आम्ही टोकाला उभे राहिलो आणि लगेच तुमची एक मुलगी आली, वीस-बावीसची, पोनीटेल बांधलेली, आणि तिनं माझ्या हातात लाकडी फळी दिली. ‘रांग इथे संपते.’ चिंगे, मी ती छातीशी घट्ट धरली. आमच्या बागेतल्या होडीवर मी हीच फळी शेवटच्या माणसाच्या हातात द्यायचो. ती दिली म्हणजे त्याच्या मागं नवा माणूस नाही, आणि त्याच्या पुढचा एकही माणूस बसल्याशिवाय होडी बंद नाही. दरवर्षी फळी रंगवायला मी घरी आणायचो आणि अक्षरं तू काढायचीस, जीभ बाहेर काढून. तुमच्या पार्कात सगळ्या पाट्या दिव्यांच्या. ही एकच लाकडी, तू करून घेतलेली, हे मला न सांगता कळलं. मग त्या मुलीला वाटलं असावं की म्हातारा घाबरला. ती समजावायला लागली. म्हणाली, आजोबा, ही हातात आहे म्हणजे तुम्ही बसणार. आमच्या मॅडमचे वडील असेच रांग सांभाळायचे. एकदा त्यांच्या साहेबांनी पाहुण्यांसाठी होडी लवकर बंद करायला सांगितली, फळीच्या पुढं अकरा माणसं होती, तर त्यांनी साहेबांना तोंडावर नाही म्हणून सांगितलं आणि अकराही माणसांना फिरवून आणलं. आमच्याकडे नवीन माणूस आला की मॅडम पहिल्या दिवशी ही गोष्ट सांगतात. छोटी अभिमानानं माझ्याकडे बघायला लागली. ती काही बोलेल म्हणून मी तिचा हात दाबला. त्या मुलीला मी मान डोलावून दाखवली, दुसरं काय करणार.

सहा वाजले. भोंग्यातून सगळ्या पार्कात ऐकू आलं की सर्व खेळ बंद होत आहेत, पाहुण्यांनी फाटकाकडे जावं, ज्यांची पाळी आली नाही त्यांनी उद्या वेळ राखून यावं. आमच्यापुढं अजून दोनशेवर माणसं होती. कोणी ओरडलं नाही, हे मला जास्त लागलं. माणसं इतकी दमली होती की गुमान पिशव्या उचलायला लागली. न्हाव्यानं धाकटीला खांद्यावर घेतलं. आणि तेवढ्यात तू वरच्या चौथऱ्यावर आलीस. मी टोपी खाली ओढली आणि फळी तोंडापुढं धरली, लग्नातल्या नवरीसारखी. छोटी हसून हसून वाकली. तुझ्या एका हातात वायरलेस होता, त्यातून कोणीतरी तावातावानं बोलत होतं. दुसऱ्या हातात कर्णा. तू आधी रांगेला सांगितलंस की कोणी जाऊ नका. मग वायरलेसला उत्तर दिलंस, पण कर्ण्याचं बटण सोडायला विसरलीस, त्यामुळे ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. ते काय ऐकू आलं ते शेवटी लिहितो.

राखीव दार बंद झालेलं, त्यामुळे आता चोवीसच्या चोवीस जागा आमच्या. रांग अशी चालायला लागली की माझे पाय कमी पडले. मी न्हाव्याला म्हटलं, नऊ फेऱ्या, फार तर वीस मिनिटं. तो हसला, यावेळी त्यानं घड्याळ लावलं. नऊ फेऱ्याच झाल्या. सगळ्यात शेवटच्या गाडीत सगळ्यात शेवटच्या जागी मी आणि छोटी. वरून तुम्हाला शिव्या पडत असणार, पण तुमचं एकही माणूस घाई करत नव्हतं. मांडीवरचा प्रत्येक दांडा दोनदा ओढून बघितला, तिसऱ्यांदा बसलेल्याकडून ओढवून घेतला. हे मी तुला शिकवलेलं नाही. आमच्या होडीची कडी मी दोनदाच ओढायचो. तू यंत्राच्या खोलीत काचेमागं होतीस, नजर दिव्यांवर, एकदाही मान वळवली नाहीस. तशीच नजर हवी. गाडी वर चढताना मला भीती वाटायला हवी होती, पण छाती इतकी फुगली होती की दांडा टोचत होता. उलटं झाल्यावर माझी टोपी गेली. ती तुमच्या हरवलेल्या वस्तूंत असेल, करड्या रंगाची, ठेवून घे.

तू त्या पार्कात नोकरीला लागलीस तेव्हा मी जे बोललो, ते आज परत घेतो. मी म्हणालो होतो की रांग मोडणाऱ्यांची चाकरी करायला निघालीस, बापाचं नाव बुडवशील. तू ताटावरून उठून गेलीस. मी माझा हेका सोडला नाही, कारण मला वाटायचं या घरात रांगेची कदर मलाच आहे. तुमची ती आरक्षणाची भानगड मला आजही पटत नाही, उद्याही पटणार नाही, आणि हजर माणसाची वेळ उलटली म्हणणाऱ्या त्या फोनबद्दल तू वरच्यांशी भांडावंस असंही वाटतं. पण तू आत राहून काय केलंस ते मी बघितलं. घरी येताना बसमध्ये छोटी झोपली आणि शेजारच्या अनोळखी माणसाला मी सांगितलं की ते रोलर कोस्टर माझी मुलगी चालवते. त्यानं विचारलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. कालपासून मी हे टाळतोय. काल तू आईला फोनवर म्हणालीस, की बाबांनी त्या दिवशी साहेबांना कोणत्या शब्दांत नाही म्हटलं ते त्यांच्या हातानं लिहून पाठवायला सांग, मी माझ्या उत्तरात तेच लिहीन. आईनं कागद-पेन माझ्यापुढं ठेवलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. तिला ठाऊक आहे. चिंगे, ते शब्द नाहीत. मी ‘हो साहेब’ म्हणालो. फळी एका नर्सच्या हातात होती, कामावरून परस्पर आलेली, एकटीच. मी तिच्या हातातून फळी घेतली आणि होडी बिघडलीय असं खोटं सांगितलं, अकराही जणांना परत पाठवलं. घरी आलो तर तू दारात, आज काय झालं सांगा म्हणून मागं लागलेली, आणि मी तुला जसं व्हायला हवं होतं तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तू ते वर्गात सांगून आलीस, मग मला मागं फिरता आलं नाही. माझ्या थापेवर तू खरी उभी राहिलीस, आता माझ्यामुळे जागा गमावायची पाळी आलीय. चूक झाली असं लिहून द्यायचं असेल तर दे, मी तुला एका शब्दानं बोलणार नाही, मला तो हक्कच नाही. पण नाही म्हणायचं असेल तर माझे शब्द मागू नकोस, तुझेच लिही. शनिवारी तू वायरलेसवर म्हणालीस, ‘साहेब, फळीच्या पुढचे सगळे बसतील, मग गाडी थांबेल, आणि हे मी माझ्या नावावर करतेय.’ हे अस्संच म्हणालीस. रांगेच्या अगदी शेवटी उभ्या असलेल्या माणसालाही ते नीट ऐकू आलं, आणि शुक्रवारी तो तुमच्या ऑफिसात येऊन तसं सांगायला तयार आहे.

तुझाच, आणि या शनिवारपासून जरा जास्तच तुझा,
बाबा