आम्रपालीचा टेनिसचा क्लास

आम्रपालीच्या बाबांना शालनचा जयभीम. आमी दोघी बावड्यात बऱ्या हाय. हॉस्टेलच्या चपात्यांचं काम चालू हाय. तुमचा गुडघा कसा हाय? मळणी उरकली का?

पोरीच्या टेनिसचं सांगते. फुकट शिकवत्यात, रॅकेटबी त्यांचीच. फुकट कोण काय देतंय व्हय? सर म्हणाले, "मावशी, पोरगी धीट हुईल." म्हटलं, बघतेच. रविवारी काम दुसरीवर टाकून मॅच बघायला गेले.

तिथं पंच न्हाय. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत का भाईर, ते पोरींनीच सांगायचं. असं कोण खरं बोलंल? शेवटचा चेंडू आमच्या बाजूला रेषेपाशी पडला. मी जाळीमागनं वरडले, "भाईर!" तशी समद्यांसमोर माझ्याकडं वळून आमची पोरगी म्हणाली, "आई, तू मधी बोलू नगंस. आत हाय." आन हरली की!

वर्गात हजेरी द्यायलाबी लाजणारी ही. ह्या लोकांनी तिला काय केलंय, कळंना. क्लास बंद करायचं मी ठरवलंय. काल दोनदा तिला सांगायला गेले आन च्या देऊन परत आले.

तवा तुमीच येऊन सांगा.

वाट बघती,
शालन