आईने अंगठा दिला नाही

मंगळवार, फेब्रुवारी २००३

आईने कोर्टात शाईचं पॅड बाजूला सारलं, ते डोळ्यांपुढून हलतच नाही.

सरकारी कागदावर आमचं घरकुल कधीच बांधून झालंय. आम्ही अजून पत्र्याच्या खोपटात. शेवटी सरकारकडूनच मोफत वकीलबाई मिळाल्या, त्यांनी दावा लावला. आज शिरूरच्या कोर्टात समोरच्या ग्रामपंचायतीच्या वकिलाने गेल्या सालची पावती काढली: घर मिळाले. खाली आईचा म्हणून अंगठा! कारकुनाने ठसा जुळवायला तिच्यापुढे पॅड सरकवलं. आणि मी? पदवीधर मुलगी मी, तिच्या कानात म्हणाले, "दे अंगठा, लवकर सुटू." लाज वाटते.

आईने पॅड सारलं. "साहेब, धा वर्सांमागं साक्षरतेच्या वर्गात शिकले, तवापास्नं म्या कुठंबी अंगठा दिला न्हाई. पेन द्या."

मग एकेक अक्षर कोरत पूर्ण नाव लिहिलं. न्यायाधीशांनी सही दोनदा पाहिली आणि पावती करणाऱ्या ग्रामसेवकालाच पुढच्या तारखेला बोलावलं. म्हातारी बाई म्हणजे अंगठाच, असं धरून चालला मेला! मी तरी वेगळं काय केलं?

येताना जीपमध्ये आई म्हणाली, "घर झालं की दारावरच्या नावाला रंगारी नगं. मी लिव्हीन."