डावा खांदा उतरता

मी, पेशाने शिंपी, वय बहात्तर, राहणार याच घरात, आज सकाळी चहा घेऊन, दाढी करून, स्वतःच्या हाताने हे लिहायला बसलो आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, मला कोणी फूस लावलेली नाही आणि माझे डोके ठिकाणावर आहे. हे शेवटचे वाक्य सगळेच लिहितात. वकीलबाईंनी मसुद्यात ते आधीच टाकून ठेवले होते. मी ते खोडले आणि माझ्या हाताने पुन्हा लिहिले, कारण ते मला खरेपणाने लिहिता येते आहे तोवरच या कागदाला अर्थ आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. यापुढे कधी मी हे बदलायचे म्हणून हट्ट धरून बसलो, तर माझ्याकडे लक्ष देऊ नये. का, ते पुढे येईलच.

कलम एक. घर. हे राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची शिवणाची खोली, मी माझ्या पत्नीला दिले आहे. देत आहे नव्हे, दिले आहे. वकीलबाई म्हणाल्या होत्या, "काका, मृत्युपत्रातलं तुम्ही गेल्यावर मिळतं. घाई असेल तर बक्षीसपत्र करा." मी म्हटले, "घाई आहे." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि कोरा कागद पुढे ओढला. त्याची नोंदणी झाली. पत्नीला वाटते, ही कराची काहीतरी भानगड असावी. तिने सह्या केल्या आणि येताना वाटेत भाजी घेतली. तेव्हा घराबद्दल माझ्याकडे देण्यासारखे काही उरलेले नाही. मी इथे तिच्या मर्जीने राहतो.

कलम दोन. बँकेत जे असेल ते तिचेच. ती व्यवहाराला माझ्यापेक्षा पक्की आहे. मुलाने तिला पैसे कुठे गुंतवावेत ते शिकवायला जाऊ नये, उगाच तोंडावर पडेल.

कलम तीन. माझे काळे पायमशीन, इस्त्रीचे टेबल आणि सगळे साचे बटणला द्यावेत. बटण म्हणजे माझा कारागीर. कामाला लागला त्याच दिवशी त्याने एका जाडजूड गिऱ्हाइकाच्या कोटाला बटणे उलट्या बाजूला लावली, आणि तेव्हापासून त्याला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारलेली नाही. मला त्याचीच साक्ष हवी होती, पण ज्याला मिळते त्याने साक्ष द्यायची नसते म्हणे. तो म्हणाला, "मशीन राहू द्या मास्तर, मी सही करतो." त्याला मी घरी पाठवून दिले. असा भाबडा माणूस धंद्यात कसा टिकणार याची मला काळजी आहे.

कलम चार. आमच्या वडिलांची मोठी कात्री माझ्या थोरल्या भावाकडे आहे. भावाने जन्मात कधी सुईत दोरा ओवलेला नाही. कात्री त्याने बैठकीच्या खोलीत भिंतीवर टांगली आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती आपलीच असल्यासारखी दाखवतो. तिच्यावरचा माझा हक्क मी सोडत नाही. तोही बटणला देत आहे. भाऊ कात्री देणार नाही हे मला पक्के ठाऊक आहे. तरी माझ्या मुलाने दर वर्षी एकदा त्याच्याकडे जावे, कात्री मागावी, चहा प्यावा आणि परत यावे. भावाला निवांतपणा मिळू नये एवढाच या कलमाचा हेतू आहे.

कलम पाच. माझे हातातले घड्याळ मुलाला. आणि त्याने जहाजाचे दुःख मनातून काढून टाकावे.

मी दुकान बंद केले तेव्हा त्याने मोठ्या हौसेने आम्हां दोघांना आणि त्याच्या बहिणीला एका नव्या कोऱ्या जहाजावर नेले. एखादे गाव उचलून पाण्यावर ठेवावे एवढे ते जहाज. इतके नवे, की रंगाचा वास जेवणाला लागायचा. पोहायचा तलाव होता, त्यात पाणी नव्हते, वर जाळी आणि "लवकरच" अशी पाटी. नाटकगृहाला कुलूप. जेवायला लांबलचक रांग आणि रांगेच्या शेवटी निवलेले बटाटे. आमच्या खोलीत छान जाड पडदा होता. तो सारला की मागे भिंत. ज्या बेटावर उतरायचे होते तिथे वारा फार म्हणून कोणाला उतरू दिले नाही. लांबून पांढरी घरे दिसली आणि जहाज वळले. मुलगा रोज खाली चौकशीच्या खिडकीवर जाऊन भांडायचा आणि तोंड पाडून परत यायचा. त्याची आई म्हणायची, "अरे, असू दे. इथं भांडी तर घासावी लागत नाहीत."

सगळ्यांत वाईट होते ते तिथले पॅसेज. दोन्ही बाजूंना एकसारखी दारे, खाली एकच गालिचा, टोक दिसायचे नाही. दारांवरच्या नंबरांच्या पाट्या अजून यायच्या होत्या, म्हणून कागद चिकटवलेले, आणि त्यांतले बरेच गळून पडलेले. सगळे जण चुकायचे. मुलगी भलत्याच मजल्यावर जाऊन आली. मुलगा कोणा अनोळखी जोडप्याचे दार वाजवून आला. जेवताना आज कोण हरवले याच्याच गप्पा चालायच्या. त्यात मीही हरवलो, आणि माझे हरवणे त्या हसण्यात खपून गेले.

मी रस्ता चुकलो नव्हतो. आता लिहून टाकतो. मी बरोबर आमच्या दारासमोर उभा होतो. दार आमचे आहे हे मला माहीत होते. आत कोण असेल ते मला आठवत नव्हते. वाजवावे की नाही याचा विचार करत मी तिथे उभा राहिलो, तेवढ्यात पत्नीने आतून दार उघडले. "चुकलात ना?" म्हणाली. मी हो म्हटले. हो म्हणणे फार सोपे होते. त्या जहाजावर कोणीही हो म्हटले असते.

मुलाने मनाला लावून घेऊ नये. त्या जहाजाने माझे काही बिघडवलेले नाही. शिवण आधीच उसवत आली होती. घरी प्रत्येक वस्तू आपल्या जागेवर असते, म्हणून ते कोणाच्या लक्षात आले नाही, माझ्याही नाही.

कलम सहा. निळा कोट. हा माझ्या पत्नीचाच आहे, तो मी तिला देण्याचा प्रश्न नाही. पण त्याच्याबरोबरची गोष्ट द्यायची आहे.

समुद्रावर गार वारा असेल म्हणून मी तिला तो कोट शिवला. मी शिवलेला शेवटचा कपडा तो. तिचा डावा खांदा उतरता आहे. लहानपणापासून पाण्याच्या बादल्या त्याच हाताने उचलल्या, त्यामुळे. हे तिला चालताना पाहून कोणाला कळणार नाही. मी तिचा प्रत्येक कपडा डाव्या खांद्याला किंचित कमी कापतो आणि आतून पातळ भर घालतो, म्हणजे ती सरळ दिसते. ही गोष्ट आम्ही दोघे सोडून कोणाला माहीत नाही, आणि आम्ही त्याबद्दल कधी बोलतही नाही.

एका दुपारी मी वरच्या मोकळ्या डेकवर गेलो. कठड्याशी पाठमोरी एक बाई उभी होती. माझे लक्ष आधी कोटाकडे गेले, तसे ते नेहमीच जाते. पाठ सुरेख बसली होती. मग खांदा पाहिला आणि मी थांबलो. डावीकडे कमी कापला होता, आतून भर होती. मनात आले, ज्याने हा कोट शिवला त्याने या बाईकडे आयुष्यभर नीट पाहिले आहे. आणखी जवळ गेलो तेव्हा टाका ओळखला. टाका माझा होता. कोट मी शिवला होता. आणि ही बाई कोण, ते मला माहीत नव्हते.

मी अदबीने विचारले, "तुमचा कोट कुणी शिवला?"

तिने वळून पाहिले. क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली, मग तिच्या डोळ्यांत हसू आले. "आहे एक म्हातारा," ती म्हणाली. "नवरा आहे माझा."

मी म्हटले, "नशीबवान माणूस आहे."

मी ते अगदी मनापासून म्हटले होते. मला त्या माणसाचा हेवा वाटला होता. ती इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. "इतक्या वर्षांनी बरं सुचलं तुम्हाला," म्हणाली आणि तिने माझा हात धरला. तिचा हात गारठला होता. त्या गार हाताबरोबर सगळे परत आले, ती, मुले, दुकान, हा मी. दुसऱ्या हाताने मी कठडा धरला. मी म्हटले, जहाज फार हलते आहे. ती म्हणाली, "कुठं हलतंय?"

आता घरी कोणीही आले की ती जहाजाला नावे ठेवते. तलाव, बटाटे, भिंतीवरचा पडदा, सगळे सांगून होते, आणि मग म्हणते, "पण एक दुपार मात्र छान गेली." आणि कोटाची गोष्ट सांगते. सांगताना लाजते. मी समोर बसून हसतो. अंगावर काटा येतो तरी हसतो.

ती दुपार मी तिला देत आहे, तिला वाटते तशीच. हे कलम मुलीने तिला वाचून दाखवू नये. मी गेल्यावर तिने स्वतः वाचले तर वाचो. तेव्हा तिचा राग झेलायला मी नसेन, याचेच मला वाईट वाटते.

कलम सात. वडिलांविषयी. माझे वडीलही शिंपी होते. एके दिवशी आई बाजारातून आली तेव्हा त्यांनी दार उघडले, "कोण पाहिजे?" म्हणून विचारले आणि दार लावून घेतले. आई पायऱ्यांवर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. आम्ही भाऊ कामावरून आलो तेव्हा तिने सांगितले की किल्ली विसरली होती. पुढे ते रोजचे झाले. ते तिला चोर म्हणत. "माझ्या घरातून नीघ" म्हणत, आणि घर त्यांच्या नावावर होते, म्हणून ती खरेच बाहेर जाऊन बसायची. शेवटी त्यांनी कापड मोजायच्या लाकडी गजाने तिला मारले. माझी आई त्यांच्यानंतर वर्षभरही जगली नाही. आम्ही म्हणायचो, म्हातारपण आहे, चालायचेच.

जहाजावरून आल्यावर मी डॉक्टरांकडे एकटा गेलो. घरी सांगितले, अस्तराचे कापड बघायला जातो आहे. डॉक्टरांनी तपासले, प्रश्न विचारले, चित्रे काढायला लावली. म्हणाले, "सुरुवात आहे. अजून वेळ आहे हातात." वेळ किती, ते त्यांनाही सांगता येत नाही. म्हणून आज हा कागद. मरणाची मला फारशी भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती तिला पायऱ्यांवर बसावे लागेल याची.

कलम आठ. हे जिवंतपणी लागू होणारे आहे. वकीलबाई म्हणाल्या, याची जागा मृत्युपत्रात नाही. मी म्हटले, असू दे, आणि एक प्रत आजच मुलीच्या हातात द्या. मुलगी घट्ट मनाची आहे, म्हणून तिच्या. मुलगा रडत बसेल.

माझ्यानंतर आणि माझ्या मरणाआधी या घरात एक माणूस राहायला येणार आहे. दिसायला माझ्यासारखाच असेल. माझे कपडे त्याला नेमके बसतील. त्यालाही काही द्यायला हवे म्हणून देतो. शिवणाच्या खोलीतली खिडकीजवळची खुर्ची त्याची. निरनिराळ्या बटणांचा मोठा डबा त्याचा. त्याने ती निवडावीत, मग कोणीतरी पुन्हा मिसळून ठेवावीत. कापडाचे तुकडे हाताळायला द्यावेत. कात्री देऊ नये. गज मी स्वतः मोडून टाकला आहे. दाराची किल्ली त्याला देऊ नये, आणि आतली कडी मुलाने याच आठवड्यात काढून टाकावी. कारण विचारल्यास गंजली होती म्हणून सांगावे.

त्याने पत्नीवर हात उगारला, तर त्याला त्याच दिवशी जिथे सांभाळतात तिथे ठेवून यावे. तो रडेल, हातापाया पडेल, माझ्या आवाजात बोलेल. मुलीने ऐकू नये. हा मी आज सांगतो आहे, आणि माझे म्हणून जे म्हणणे आहे ते हेच.

आणि एखादे दिवशी तो तिला विचारेल, "तुम्ही कोण?" त्या वेळी तिने मी तुमची बायको असे सांगू नये. आईने तेच सांगितले होते. वडिलांना ते खोटे वाटायचे आणि खोटे बोलणाऱ्या बाईची त्यांना आणखीच चीड यायची.

मी सगळे आयुष्य भाड्याच्या दुकानात काढले. दुकानाच्या मालकीणबाई दारात दिसल्या की मी हातातले काम टाकून उठायचो, गळ्यातली टेप नीट करायचो, त्यांना खुर्ची पुसून द्यायचो आणि त्या बसा म्हणेपर्यंत उभा राहायचो. डॉक्टर म्हणतात, माणसे विसरली जातात, पण अंगवळणी पडलेले शेवटपर्यंत टिकते. तेव्हा मुलीने आईला एवढे एकच शिकवून ठेवावे. त्याने विचारले की तिने म्हणावे, "मी या घराची मालकीण." ते खोटे नसेल, त्याचा कागद मी करून ठेवला आहे. तो उठून उभा राहील आणि तिला बसायला खुर्ची देईल.

वरील सर्व मी लिहिले, मोठ्याने वाचले आणि मला ते समजले. खाली सही करत आहे.

सही : शिंपी, लिहून देणार

साक्षीदार एक : आमचे डॉक्टर. यांनी आज सकाळी मला तपासले आहे आणि मी जे लिहिले ते समजून लिहिले, अशी त्यांची खात्री आहे.

साक्षीदार दोन : शेजारचा इस्त्रीवाला. याला माझ्याकडून काहीही मिळणार नाही, हे त्याला सांगितले आहे. तो तरीही आला.

स्थळ : पत्नीचे घर, मागची खोली.

दिनांक : सोळा, वार सोमवार. वार मी कॅलेंडर न पाहता लिहिला. साक्षीदारांनी पाहून तो बरोबर असल्याचे सांगितले.