चौथा हूटर

१ फेब्रुवारी १९९४, मंगळवार. गोडदेव.
नोकरी लागली! फण्यांच्या कारखान्यात आगीचे हूटर, म्हणजे भोंगे, जोडायचे. आयटीआयच्या वर्गात मी एकटीच मुलगी. तेव्हा हसणारे अजून पंखेच लावतायत. गेल्या साली इथली वरची पॅकिंगची खोली जळाली. शुक्रवारी तपासणी, सोमवारपासून तिथं पुन्हा अकरा बायका बसणार. एका तारेवर चार हूटर, चौथा त्याच खोलीत. तारेची शेवटची दोन टोकं जोडणारा छोटा रेझिस्टर. तार सलग असली की खाली पॅनलवर हिरवा दिवा, तुटली किंवा रेझिस्टर निघाला की पिवळा आणि कान किटवणारा बझर. जमेल, उर्मिला. न जमायला काय झालं!

२ फेब्रुवारी.
रेझिस्टर अजून लावलाच नाही, तरी दिवा हिरवा. मीटर लावला तर आकडा थरथरतो, माणसानं चिमटीत तार धरल्यासारखा. वर गेले. चोरी नको म्हणून दाराला कडी बाहेरून. आत कुणी नाही. तारेची दोन्ही टोकं मात्र कोमट, ओली, त्यांवर मीठ. सुपरवायझर हरिश्चंद्र म्हणाले, खाडीची हवा. खाडीची हवा काय दोन टोकं निवडून बसते? रेझिस्टर लावून आले.

३ फेब्रुवारी.
रेझिस्टर गायब. दिवा हिरवाच.
चहा देणाऱ्या, मुर्ध्याच्या सुलूमावशींनी सांगून टाकलं. गेल्या तपासणीला रेझिस्टर नव्हता. हरिश्चंद्रांनी पॅकिंगच्या कांताची बोटं मिठाच्या पाण्यात बुडवून तिला रेझिस्टरऐवजी टोकं धरायला बसवलं. सांगेपर्यंत सोडायची नाहीत. तपासणीचे साहेब गेले, बाकीच्या खाली जेवायला. ‘सोड सांगाया कोनी गेलाच न्हाय,’ मावशी म्हणाल्या. मग आग. कडी बाहेरून.
भीती वाटतेय, खोटं कशाला लिहू. तरी हरिश्चंद्रांना तोंडावर सांगितलं: कडी काढा, नाहीतर उद्या साहेबांसमोर सगळं बोलेन. ते म्हणाले, आधी रेझिस्टर लाव.

४ फेब्रुवारी. सकाळी अकरा.
नवा रेझिस्टर लावला आणि मागं कडी वाजली. बाहेरून. हरिश्चंद्रांचीच पावलं.
साहेब खाली पॅनलपाशी आहेत. मशिनांच्या आवाजात माझं ओरडणं कोण ऐकणार? न ऐकेना का. रेझिस्टर उपटते. बझर होईल, साहेबांना वर यावंच लागेल.

उपटला.
बझर नाही.
टोकं हवेत, ताणलेली. कुणीतरी धरलीयत —

जळक्या फण्यांचा वास. बोटं लागतात हाताला. कोमट. एका हातानं उकलतेय, दुसऱ्यानं लिहितेय. कुणी तरी वाचलं पाहिजे.
खाली जीप सुरू झाली. दिवा हिरवा बघून साहेब निघाले —

नाही. अकराजणी यायच्यात सोमवारी. हिनं टोकं धरली तर तार तुटलेली कुणाला कळणारच नाही. मी नाही हिला धरू देणार.
एक बोट सुटलं. दुसरं —
माझं मनगट धरलं तिनं. धर. मी हलणार नाही.
कांता, तपासणी संपली गं. तुला कुणी सांगितलंच नाही. मी सांगतेय. सोड. मी सांगतेय ना, सो