डाव्या कोपऱ्यातून

२५ फेब्रुवारी २०१५

प्रिय दक्षे,

तुझ्या आईने पाठवलेलं नागलीचं पीठ उघडशील तेव्हा पिशवीच्या तळाशी हे पत्र सापडेल. कागद पिठाळ झाला असेल, झटकून घे. तुझ्या कॉलेजातला वापीचा मुलगा परवा परत निघालाय, त्याच्याकडे गुरुजींनी पीठ आणि सुकी मिरची द्यायचं ठरवलं. पिशवी शिवायला माझ्याकडे आली. हल्ली पाड्यात बसून करायचं काही काम निघालं की ते माझ्याकडेच येतं. तोंड शिवायच्या आधी हे आत सरकवते. फोनवर बोलता आलं असतं, पण आपला फोन म्हणजे ग्रामसभा. तू फोन केलास की काकी स्पीकर लावायला सांगतात आणि निम्मा पाडा तुमच्या ओट्यावर येऊन बसतो. मेसेज करावा तर मोबाईल सदा जानीच्या हातात. आणि मला लिहायचंय ते तुझ्या या लाडक्या बहिणीबद्दलच.

तेच आधी सांगून टाकते. चुरी सरांनी जानीला मुंबईच्या कॉलेजच्या कबड्डी संघासाठी निवडलंय. डाव्या कोपऱ्यात. बारावीची परीक्षा झाली की एप्रिलपासून शिबिर, जूनपासून कॉलेज आणि हॉस्टेल. होळीनंतरच्या रविवारी सर स्वतः पाड्यावर येणार आहेत, गुरुजींचं हो की नाही ते ऐकायला. आणि तुझ्या या गुरुजी वडिलांनी काय करावं? भर ओट्यावर सगळ्यांसमोर सांगून मोकळे झाले की संगी त्याच वाटेने गेली होती, संगी म्हणेल तसं करू. जन्मभर आश्रमशाळेत पोरांना स्वतःच्या डोक्याने उत्तरं लिहा म्हणून शिकवलं, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा माझ्या वहीत डोकावले.

तू म्हणशील, संगी तर मुंबईत आहे. नाही गं. तू फोन करतेस तेव्हा मी दर वेळी सुट्टीला आलेली असते, हे तुला विचित्र वाटलं नाही? मी डिसेंबरपासून घरीच आहे. तुझी परीक्षा होती म्हणून तुला सांगायचं नाही असं ठरलं, आणि आपला एरवी पोटात काही न ठेवणारा पाडा या एका बाबतीत अगदी गप्प राहिला. माझा डावा गुडघा गेला. आतली दोरी तुटलीय असं डॉक्टर म्हणाले. मी चालते, पण वळायला गेले की गुडघा माझं ऐकत नाही, आणि कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या बाईला वळण्याशिवाय दुसरं काम काय असतं. माझ्या साखळीत ठाण्याची एक मुलगी होती. खेळाने चांगली, स्वभावाने चांगली, फक्त तिचा हात मुका. तुझी ती सवय, चढाई करणारीचा पाय टप्प्यात आला की माझा तळवा दाबायचा, ती मी तिला शिकवून दमले. त्या दिवशी तिने तिच्या मनाने झेप घेतली, मी माझ्या मनाने, आणि आम्ही दोघी चढाई करणारीसकट माझ्याच गुडघ्यावर पडलो. कुणाची चूक नाही. पण तुझ्यावर मला किती राग आला होता ते आज लिहून टाकते. मॅटवर पडल्या पडल्या मी आईला हाक मारली नाही, तुला शिव्या घातल्या.

चिखल्याची ती स्पर्धा आठवते? सुरूच्या झाडांखाली, वाळू कालवलेल्या मैदानावर. आपल्या संघातल्या पुष्पाने एका चढाईत तिघींना बाद केलं म्हणून लोकांनी तिला डोक्यावर घेतलं होतं, आणि आपण दोघी कडेला वडापाव खात बसलो होतो. आपण पुष्पाएवढंच कमावलं होतं, पण पकडीला टाळी कोण वाजवतो? पाय धरून खाली पाडलं की लोकांना वाटतं ती स्वतःच पडली. तेव्हा चुरी सर पुष्पाला ओलांडून सरळ आपल्याकडे आले. चढाई करणाऱ्या पोरी मला गल्लोगल्ली मिळतात, म्हणाले, अशी साखळी मिळत नाही. माझं मनगट धरून बघितलं. मला खाली बसायला सांगून खांद्याला जोराचा धक्का दिला आणि मी हलले नाही. बैलबाजारात बघतात तसंच बघत होते, आणि तू तोंडात वडा धरून हसत होतीस. मला मात्र हसू आलं नाही. जन्मापासून या अंगावरून मी फक्त टोमणेच ऐकले होते, दारातून आडवी ये, बाकावर मधे बसू नको. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी या अंगावर खूश झालं होतं. दक्षे, सरांनी सांगितलं असतं तर मी तिथून सरळ समुद्रात चालत गेले असते.

तू नाही म्हणालीस. तुझं परदेशात, लुहान्स्कच्या मेडिकल कॉलेजचं ठरलेलं होतं, डॉक्टर व्हायचं होतं. मी एकटी गेले, आणि खोटं कशाला बोलू, पहिलं वर्ष सोन्यासारखं गेलं. दोन वेळा अंडी, पायात बूट, पाठीवर नंबर. मग जूनमध्ये तुमच्याकडे लढाई पेटली आणि तू एका बॅगेनिशी परत आलीस. काकींनी तुझ्यावरून नारळ ओवाळून फोडला होता. मला वाटलं, सुटली पोर. पण पावसाळा सरायच्या आत, वर्ष वाया जातंय म्हणून तू पुन्हा गेलीस, खारकीवला, लढाईपासून लांब आहे म्हणत. गुरुजी अजून रोज काकींना पेपर वाचून दाखवतात. तहाची बातमी मोठ्याने वाचतात आणि खालची मनातल्या मनात. काकींच्या हिशेबाने तिकडची लढाई केव्हाच संपलीय. तरी रोज चुलीशी एकदा विचारतातच, दक्षी कदी येल? परवा तुझ्या शहरात मोर्च्यात स्फोट झाल्याचं मी वाचलं. त्याच संध्याकाळी तू स्पीकरवर सगळ्यांना बर्फ कसा पडतो ते सांगत होतीस. खोटं बोलण्यात आपली साखळी अजून शाबूत आहे म्हणायची.

वापीच्या मुलाला मात्र खोटं बोलता येत नाही. पीठ किती न्यायचं ते विचारायला आला होता, चहा घेता घेता सगळं सांगून गेला. तुझ्या हॉस्टेलच्या लुबा मावशी, ज्या तुला बीटाचं सार करून घालतात, त्यांचा मुलगा आंद्री. आधी तू त्याच्याबद्दल किती सांगायचीस. दाराच्या चौकटीएवढा पोरगा, सगळ्या मुलींच्या बॅगा दोन्ही खांद्यांवर घेऊन जिना चढायचा. नंतर तू त्याचं नाव घेणं बंद केलंस. मला वाटलं भांडलात, किंवा भांडण्यासारखं काही आहे, आणि मी इथे बसून तुला चिडवायचे मनसुबे रचत होते. त्याला सैन्यातून बोलावणं आलं होतं म्हणे. उंची मोजली, छाती मोजली, पाठीवर थाप मारली. त्याला पुढे जायचंच नाहीये, मागे राहून ट्रक चालवायचाय, असं त्याच्या आईला सांगितलं. लुबा मावशींनी स्टेशनवर गाडी हलेपर्यंत त्याचा हात धरला होता आणि तू शेजारी उभी होतीस. तो आता नाही. हे ऐकून मला रडू आलं नाही, मला ते मोजमाप दिसलं. माझं मनगट दिसलं. खेळ आणि लढाई एक नाही, एवढं मलाही कळतं. गुडघा गेला म्हणून कुणी मरत नाही. पण थोराड अंगाच्या भल्या पोराला तू कामाचा आहेस असं कुणी म्हणालं की तो कसा फुलतो, ते मला आतून माहीत आहे.

सर वाईट नाहीत. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. इस्पितळात सफरचंदं घेऊन आले होते, खुर्चीत बसून डोळे पुसले. आठवड्याने हॉस्टेलच्या बाईंनी सांगितलं की खेळणाऱ्या मुलींच्या खोलीतली खाट सोडावी लागेल. संघाला डावा कोपरा तर हवाच. संघ काय माझ्या गुडघ्यासाठी बसून राहणार? सरांनी शोधायला सुरुवात केली, आणि चांगला कोपरा कुठे मिळतो हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते पुन्हा आपल्याकडेच आले. जानीला मिळणार ती खाट माझी आहे. खिडकीशेजारची. वर पंखा आहे, तो आवाज करतो.

आता माझी गोची बघ. मी नाही म्हणाले तर पाडा काय म्हणेल? संगीचं मोडलं म्हणून दुसरीचं बघवत नाही. जानी तर आत्ताच माझ्याकडे तशी बघते. आणि मला जळतं का म्हणून विचारशील तर हो, जळतं. ती सकाळी धावायला जाते तेव्हा मी तिच्या पोटऱ्यांकडे बघत राहते आणि जेवण जात नाही. पण जळतं म्हणून माझं म्हणणं खोटं होत नाही ना? तिला कुणी सांगितलं नाही की तिथे तुझं नाव नसतं, तुझी जागा असते, आणि जागा कधी रिकामी राहत नाही. हो म्हणाले तर मी भली. मग उद्या तिचं काही झालं तर मी काकींच्या चुलीशी कुठल्या तोंडाने बसू? एक मुलगी तिकडे तोफांच्या आवाजात, दुसरी माझ्या खाटेवर. गेले काही दिवस मला कशाचाच भरवसा वाटत नाही. दारात आंबा मोहोरलाय, होळी आठवड्यावर आली, पोरं लाकडं गोळा करत फिरतात, आणि मला ते सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी गावात चाललंय असं वाटतं.

निवड डहाणूच्या मैदानावर झाली. जानीच्या शेजारी उभी राहणारी आशागडची मुलगी आलीच नाही, तेव्हा सर म्हणाले, संगीता, तू नुसती हात धरून उभी राहा. म्हणजे मी तुझ्या जागी आणि जानी माझ्या जागी. तिचा हात हातात घेतला. कोरडा, गरम, पकडीला घट्ट, तुझ्यासारखाच. समोरून चढाई आली. मला काहीच करायचं नव्हतं, दक्षे. मी तळवा दाबला नसता तर जानी थांबली असती, कारण मीच तिला शिकवलं होतं की हात दाबेपर्यंत हलायचं नाही. ती मुलगी निसटून गेली असती, सरांनी मान हलवली असती, आणि आम्ही चार वाजताच्या एसटीने घरी आलो असतो. मला तिला सांगायचंही होतं. थांब, जानी, नको जाऊस. मनापासून, सगळा जीव हातात आणून सांगायचं होतं, आणि मी तेच सांगितलं, तिचा हात गच्च दाबून. तिने झेप घेतली. असा घोटा धरला की ती मुलगी जागची हलली नाही. सर उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. पकडीला टाळी, बघ.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात फिरतेय. इतकी वर्षं आपण हातात हात घालून उभ्या राहिलो, आणि हात दाबला की जा, एवढी एकच खूण आपण ठरवली. थांब म्हणायची खूण कधी ठरवलीच नाही. लुबा मावशींनाही ती कुणी शिकवली नसणार. म्हणून ही तीन पानं लिहिली. सर यायच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी फोन कर. सगळे ओट्यावर असतील, स्पीकर लागलेला असेल. जानीला सांग, थांब. माझ्या तोंडून ते जळणं वाटेल, तुझ्या तोंडून ती ऐकेल. आणि दक्षे, वापीच्या मुलाने जाता जाता आणखी एक सांगितलं, की जिथे जखमी सैनिक आणतात त्या इस्पितळात मदतीला जायला तू आपलं नाव दिलंयस, पुढच्या महिन्यापासून. त्यांनीही तुला सांगितलं असेल की तुझे हात खंबीर आहेत. ते आहेत, माझ्याइतकं कुणाला माहीत? पण हात नाही दाबत आता, नुसतं लिहिते. थांब. दोघी थांबा.

तुझीच,
अजून तुझ्याच डाव्या बाजूला उभी असलेली,
संगी